अर्धी म्हणजे पाऊण

जुनी गाडी कुणाला चालवायला द्यायची वेळ आली की किल्ली हातात ठेवताना मालकाला एक छोटं भाषण करावं लागतं. दुसरा गिअर जरा दाबून टाका. मागची डावी काच खाली करू नका, केली तर ती वर येत नाही. पावसात हॉर्न आपोआप वाजला तर दचकू नका. ही सगळी कलमं पाहुणा नीट ऐकून घेतो. मग मालक पेट्रोलच्या काट्यापाशी येतो आणि त्याचा आवाज थोडा खाली उतरतो. "हा काटा अर्ध्यावर दिसतोय ना, म्हणजे पाऊण टाकी आहे. पावावर आला की अर्धी समजायची. ईला टेकला तरी घाबरायचं कारण नाही, तिथून पुढे तीस-चाळीस किलोमीटर आरामात जाते. फक्त टेकून परत वर आला, तर मात्र लगेच पंप गाठायचा." पाहुणा मान डोलावतो, किल्ली परत देतो आणि चौकात जाऊन रिक्षा करतो.

अशा गाड्या आपल्याकडे चिकार आहेत. नोंदणीला पंधरा वर्षं झाली की आरटीओत जाऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून आणायची, आणि त्यासाठी गाडीची तपासणी होते. तिथे दिवे बघतात, हॉर्न वाजवतात, वायपर फिरवतात, ब्रेक तपासतात. पेट्रोलचा काटा खरं दाखवतो की खोटं, हे तिथे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ते बरोबरही आहे म्हणा. ब्रेक नसला तर त्रास जगाला होतो. काटा नसला तर तो होतो फक्त मालकाला, आणि गाडी ढकलायला ज्यांना भर रस्त्यात खाली उतरावं लागतं त्या त्याच्या सासरच्या मंडळींना.

काटा बिघडलाय हे मालकाला सगळ्यात शेवटी पटतं. त्याआधी संशय एका ठरलेल्या वाटेने जातो आणि त्यात पहिला मान पंपवाल्याचा. पाचशेचं टाकलं आणि काटा हललासुद्धा नाही, म्हणजे मापात पाप! वास्तविक २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हापासून तिथे पाचशे रुपयांत पाच लिटरही येत नाही. तीस-पस्तीस लिटरच्या टाकीत तेवढ्याने काटा हलणार तो किती? पण आपल्या मनातली पाचशेची नोट अजून १९९८ सालीच आहे. पंपावर सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्याच्यासमोर पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. ते माप मागणारा एक गृहस्थ मी डोळ्यांनी पाहिला आहे. माप आलं, पेट्रोल बरोबर रेघेपर्यंत भरलं, मागच्या रांगेतल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजले, आणि ते पेट्रोल टाकीत ओतल्यावर काटा होता तिथेच राहिला.

"माप बरोबर आहे," तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे टाकी गळतेय."

मग वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली झोपणं आलं. टाकी कोरडी निघाली की चोर. पेट्रोल नळीने ओढून पळवायचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत ते लगेच किल्लीचं झाकण आणून बसवतात. काटा तरीही उतरलेलाच. आता झाकणाची किल्ली कुणाकुणाकडे असते याची घरात चौकशी सुरू होते. दरम्यान सोसायटीच्या वॉचमनकडे सगळे जरा वेगळ्या नजरेने बघू लागतात. वॉचमनकडे सायकल आहे. पण संशयाला वाहन लागत नाही.

काही घरांत काटा साफच मेलेला असतो. तिथे कारभार हिशेबावर चालतो. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे आणि अ‍ॅव्हरेज धरून पेट्रोल किती उरलं ते काढायचं. पद्धत निर्दोष आहे. अडचण एवढीच, की "किती देते?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक मालकाकडे तयार असतं, आणि ते उत्तर हायवेचं असतं: एसी बंद, टायरमध्ये हवा नवी, गाडीत एकटाच माणूस आणि समोर उतार. ते तो लोकांना इतक्यांदा सांगतो की पुढे स्वतःच्या वहीतही तोच आकडा धरतो. गाडी मात्र पेट्रोल पिते ती खऱ्या अ‍ॅव्हरेजने.

काट्यावाचून जगाचं अडलं होतं अशातला भाग नाही. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने तिच्यावर बायको, दोन मुलं, गहू आणि गणपती यांची ने-आण केली, ती काटा न बघता. काटा नव्हताच. सीटखाली पेट्रोलचा कॉक होता. स्कूटरने आचके द्यायला सुरुवात केली की चालत्या गाडीवर खाली वाकून तो रिझर्व्हला फिरवायचा. पेट्रोल भरल्यावर तो परत मूळ जागी आणायचा असतो, हे प्रत्येकाला एकदा भर उन्हात कळलेलं असायचं, कारण पुढच्या वेळी रिझर्व्हलाच रिझर्व्ह उरायचं नाही. मग स्कूटर एका अंगावर झुकवायची, तळाशी राहिलेले दोन घोट कार्ब्युरेटरकडे जाऊ द्यायचे आणि देवाचं नाव घेऊन किक मारायची. पेट्रोल आहे का हे बघायचं असेल तर झाकण उघडायचं, स्कूटर कमरेला धरून हलवायची आणि डचमळण्याचा आवाज ऐकायचा. उजेडासाठी काडी ओढून आत बघणाऱ्या माणसाची गोष्ट प्रत्येक गावात आहे. गंमत म्हणजे प्रत्येक गावात तो माणूस शेजारच्या गावचा असतो.

मोटारींचंही तेच. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात विकली गेली. तिची टाकी बराच काळ पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल मोजायचं म्हणजे बसलेल्यांना उठवायचं, सीट काढायची आणि आत काठी बुडवायची. पेट्रोल इंजिनाकडे नुसतं उतारावरून वाहत जायचं. त्यामुळे टाकी तळाला गेली की चढावर गाडी बंद पडायची, आणि लोक ती उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. फोक्सवॅगनच्या बीटलला १९६१ पर्यंत काटा नव्हता, पायाने सरकवायचा रिझर्व्हचा खटका होता. जर्मनांनासुद्धा पेट्रोल संपल्याशिवाय कळायचं नाही, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

आता यंत्र म्हणाल तर ते यंत्र म्हणण्याच्या लायकीचंही नाही. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट. जुन्या गाड्यांत तो पितळेचा, पोकळ. पुढे प्लॅस्टिकचे आले. तो एका दांडीला अडकवलेला. दांडीचं दुसरं टोक एका डबीत जातं. त्या डबीत बारीक तारेचं वेटोळं असतं आणि त्यावरून एक पत्री घासत सरकते. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, पत्री सरकते, विजेला जास्त तार पार करावी लागते, म्हणजे रोध वाढतो. जपानी पद्धतीच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना हा रोध तीन-चार ओहम आणि रिकामी असताना एकशे दहाच्या आसपास असतो. जर्मन धाटणीच्या मीटरांत नेमकं उलटं: रिकामी असताना दहा, भरलेली असताना एकशे ऐंशी. जुन्या बाजारातून "होतंय फिट" म्हणून फ्लोट आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. असा एक मिश्रविवाह झालेली जीप मला ठाऊक आहे. तिच्यात पेट्रोल जाळावं तसा काटा वर चढायचा. मालकाला ती विकायची नव्हती.

दुसरं टोक डॅशबोर्डात. जुन्या मीटरात दोन वेगळ्या धातूंची एकमेकांवर चिकटवलेली एक पट्टी असते आणि तिच्याभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते. वीज वाहिली की पट्टी तापते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणजे आपण ज्याला पेट्रोल समजतो ते प्रत्यक्षात तपमान असतं. म्हणूनच किल्ली फिरवल्यावर काटा झोपेतून उठल्यासारखा सावकाश वर येतो, आणि म्हणूनच खड्ड्यात पेट्रोल कितीही डचमळलं तरी तो शांत राहतो. याच्याही आधीचे चुंबकाचे मीटर फार हळवे होते. घाटात डावीकडे वळलं की अर्धी टाकी, उजवीकडे वळलं की पाव. खंडाळ्याच्या नागमोडीत मालकाचा जीव प्रत्येक वळणाला खालीवर व्हायचा.

काटा एफपासून अर्ध्यापर्यंत संथ उतरतो आणि अर्ध्यापासून ईपर्यंत घसरतो, याबद्दल आपल्याकडे "वरचं पेट्रोल जास्त चालतं" असा एक सिद्धांत आहे. साय असते म्हणे त्यात. खरं कारण असं, की आपण नळीच्या गळ्यापर्यंत पेट्रोल भरतो आणि फ्लोट त्याच्या कितीतरी आधीच टाकीच्या छताला टेकलेला असतो. छतापासून पेट्रोल सुटेपर्यंत काटा एफवरच राहणार. शिवाय टाकी काही चौकोनी डबा नसते, आणि दांडी सरळ खाली उतरत नाही, ती गोलाईत फिरते. त्यात कंपन्यांनीही माणसाचा स्वभाव ओळखून ईच्या खाली थोडं शिल्लक ठेवलेलं असतं. हे एकदा कळलं की माणूस ईच्या खालचं पेट्रोल हक्काचं मानू लागतो आणि कंपनीने केलेली सोय फुकट जाते.

आमच्या गाडीचा काटा गेला तेव्हा सोसायटीत तज्ज्ञांची कमतरता नव्हती. (गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. एवढ्या वर्षांनी तिच्या कर्त्यांना दोष देणं बरं नाही.) मेव्हण्यांनी आल्या आल्या डॅशबोर्डवर दोन टपल्या मारल्या. काटा क्षणभर थरथरला, तेव्हा "लूज कॉन्टॅक्ट" असं निदान करून ते चहाला बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने मीटरच बदला म्हणून सांगितलं. त्याच्या पिढीत बिघडलेली वस्तू उघडत नाहीत. तिसऱ्याने असा शोध लावला की पेट्रोलचा आणि इंजिनाच्या तपमानाचा असे दोन्ही काटे एकदमच वर जातात, अर्थात टाकी भरली की इंजिन तापतं, तेव्हा टाकी कधी भरूच नये.

त्याच्या निष्कर्षाचं सोडा, पण निरीक्षण लाखमोलाचं आहे. अशा गाड्यांत बॅटरीचे बारा व्होल्ट थेट मीटरला देत नाहीत, कारण इंजिन चालू असताना ते चौदापर्यंत जातात आणि काटा उगाच फुगतो. मधे एक छोटा स्टॅबिलायझर असतो, तो सरासरी दहा व्होल्ट देतो आणि तो दोन्ही काट्यांना सामायिक असतो. तो चिकटला की दोन्ही काटे वर, मेला की दोन्ही खाली. तेव्हा एकच काटा बिघडला असेल तर टाकीकडे जावं, दोन्ही बिघडले असतील तर स्टॅबिलायझर बघावा, आणि सगळंच बंद असेल तर आधी फ्यूज. मेव्हण्यांचा यात कुठेच संबंध येत नाही.

खरी मदत झाली ती तळमजल्यावरच्या आप्पांची. हयातभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. धरणाची पातळी हा त्यांचा श्वास. त्यांनी काटा बघितलाच नाही. एक सरळ लाकडी पट्टी आणली, टाकीच्या वरचा पत्रा उघडायला लावला, पट्टी बुडवली, ओल कुठवर आली ते बघून पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाले, "पाच-पाच लिटर टाकत जा आणि प्रत्येक वेळी खूण कर. झाली पट्टी तयार." मग कोयनेचे एकशे पाच टीएमसी आणि आमचे बत्तीस लिटर यांच्यात त्यांना काही फरक दिसेना. "तळाला पाइप पोचत नाही तेवढं पेट्रोल सोडून दे. तो मृत साठा. उरला तो उपयुक्त साठा. पेपरात नेहमी एकूण टक्के छापतात, तिथेच लोक फसतात." ईला टेकल्यावर गाडी आणखी किती जाते यावर इतकं शास्त्रशुद्ध उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

पट्टीने निदान एवढं ठरलं, की टाकीत निम्मं पेट्रोल आहे आणि काटा ईवर आहे. तेव्हा वायरिंगवाल्याला बोलावलं. तो आला तो एक स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि दोन तारा सोडलेला एक छोटा बल्ब घेऊन. मीटरकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. सरळ डिकी उघडली. चटई उचलली. जॅक, गेल्या गणपतीची सुतळी, एक चप्पल, शेंगांची टरफलं हे सगळं बाजूला झाल्यावर एक गोल पत्रा निघाला. त्यावरची धूळ त्याने आधी फुंकून साफ केली, कचरा टाकीत पडू नये म्हणून. पत्र्याखाली दोन तारा होत्या. एक मीटरकडे जाणारी, दुसरी गाडीच्या अंगाला स्क्रूने आवळलेली. स्क्रू कसला, गंजाचा ढेकूळ.

"ताई, पुढे बसा आणि काटा बघा," तो आमच्या सौभाग्यवतींना म्हणाला. त्याने मीटरची तार फ्लोटच्या डबीवरून सोडवली. "काय म्हणतो?"

"ईवर आहे."

"असायलाच पाहिजे." मग त्याने त्या तारेला बल्ब जोडला आणि बल्बचं दुसरं टोक घासून स्वच्छ केलेल्या पत्र्याला टेकवलं. "आता?"

"काही नाही... थांबा... हलतोय! हलतोय, वर चाललाय!"

"कुठवर?"

"अर्धा... पाऊण... आणखी वर चाललाय!"

गॅलरीतून हे ऐकणारे तिसरे तज्ज्ञ खाली ओरडले, "मी सांगत नव्हतो पेट्रोल भरपूर आहे म्हणून?"

सगळ्या निदानाचं मर्म या दोन मिनिटांत आहे. तार मोकळी सोडली की काटा ईवर आणि अंगाला टेकवली की वर, याचा अर्थ मीटर चांगला, मीटरपर्यंतची तार चांगली. दोष आहे तो टाकीच्या बाजूला. तार नुसतीच फार वेळ टेकवून धरली तर मीटर जळू शकतो, म्हणून मधे बल्ब. जर्मन धाटणीच्या मीटरात काटे उलट दिशेला जातील, पण परीक्षा तीच. हे झाल्यावर वायरिंगवाल्याने तो गंजलेला स्क्रू काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि तार नव्या स्क्रूने आवळली. जुन्या गाडीचे निम्मे आजार अर्थिंगचे असतात. वीज बॅटरीतून निघते आणि परत येते ती गाडीच्या अंगातून. परतीच्या वाटेवर गंज बसला की तो स्वतःचे वीस-तीस ओहम फ्लोटच्या रोधात मिसळतो, आणि बिचारा मीटर तेवढं पेट्रोल कमी दाखवतो. त्याला काय माहीत, ओहम टाकीचे आहेत की गंजाचे?

काटा उठला, पण पावावर येऊन थांबला. आप्पांची पट्टी अर्धी म्हणत होती. जुन्या गाडीत एका दोषाने भागत नाही. वायरिंगवाल्याने बॅटरीची तार सोडली, बघ्यांना चार पावलं मागे सारलं, एकाची विडी विझवायला लावली आणि फ्लोटची डबी दांडीसकट बाहेर काढली. पितळेचा फ्लोट कानाशी धरून हलवला आणि माझ्या कानाशी धरला. आत खुळखुळ. टाचणीएवढ्या भोकातून पेट्रोल आत शिरलं होतं, त्यामुळे फ्लोट तरंगण्याऐवजी अर्धा बुडून पोहत होता. त्याने तो गरम पाण्याच्या तांब्यात बुडवला. एका सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली आणि भोक सापडलं. आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत तो थांबला, मग रस्त्यापलीकडच्या दुकानात नेऊन भोकावर सोल्डरचा एक थेंब टाकला. एकच. जास्त टाकला तर फ्लोट जड होतो आणि पुन्हा कमी दाखवतो.

फार जुन्या, महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या गाड्या बाळगणाऱ्या शौकिनांचं दुखणं याहून वेगळं. काही गाड्यांत फ्लोट बुचाच्या लाकडाचे असायचे आणि पेट्रोल मुरू नये म्हणून त्यांना चपडा लाखेचं पॉलिश असायचं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, हे कुठलाही सुतार सांगेल. आता फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच, आणि आपल्याकडे त्यातलं काही उसातून येतं. तेव्हा महाराष्ट्रात बुचाचा फ्लोट बुडाला तर साखर कारखान्यांकडे बोट दाखवायची सोय झाली आहे. तशी ती आधीही होतीच.

सोल्डरिंगवरून आठवलं. काटा बंद पडला म्हणून जास्तीत जास्त काय होईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी २३ जुलै १९८३ ची गोष्ट ऐकावी. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. त्याचे इंधनाचे काटे बंद होते. तेव्हा कर्मचाऱ्यांनी आप्पांचाच मार्ग धरला: टाकीच्या मोजपट्ट्या काढून इंधन मोजलं. मोजलं ते बरोबर. पण कॅनडा तेव्हा पौंडांतून किलोत जात होता आणि लिटरचं वजन काढताना किलोऐवजी पौंडांचा गुणक धरला गेला. हवं होतं २२,३०० किलो, भरलं त्याच्या निम्म्याहून कमी. एकेचाळीस हजार फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा सराव होता, म्हणून त्यांनी ते अजस्र विमान तरंगत खाली आणलं आणि गिमली नावाच्या गावी हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. त्या पट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीची मंडळी जमली होती. विमानातले एकसष्ट प्रवासी आणि आठ कर्मचारी, एकोणसत्तरच्या एकोणसत्तर जण वाचले. काटे का बंद पडले याचा शोध घेतला तेव्हा यंत्रणेत एक कच्चं सोल्डरिंग सापडलं. हे मी आमच्या वायरिंगवाल्याला सांगितलं. त्याला जराही नवल वाटलं नाही. "अर्थिंग बघितलं होतं का त्यांनी?" एवढंच त्याने विचारलं.

नव्या गाड्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिथे इंधनाचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोलच त्याला गार ठेवतं, म्हणून सतत ईवर चालवणाऱ्याचा पंप लवकर तापून मरतो. फ्लोट त्याच पंपाच्या डब्याला जोडलेला. त्यामुळे फ्लोट बिघडला की अख्खा डबा बदला असं सांगितलं जातं, आणि बिल बघून माणूस काट्याशिवाय जगायला शिकतो. सीएनजीवाल्यांची कथा आणखी वेगळी. त्यांच्याकडे काट्याऐवजी चार हिरवे दिवे असतात. त्या दिव्यांवर विसंबून कुणी गॅसच्या रांगेत उशिरा लागला, असं मी तरी पाहिलेलं नाही.

तेव्हा ज्यांचा काटा आज ईवर झोपला आहे त्यांना एवढंच सांगणं, की मीटरला हात लावू नका. मीटर क्वचित बिघडतो आणि तो बदलण्यात पैसे जातात. आधी फ्यूज, मग टाकीवरचा अर्थिंगचा स्क्रू, मग तार सोडून-टेकवून काट्याची परीक्षा, आणि तरीही नाही जमलं तरच फ्लोट बाहेर. टाकी उघडाल तेव्हा मात्र बॅटरीची तार सोडलेली हवी, काम उघड्यावर हवं आणि विडी-काडी, उदबत्ती सगळं फाटकाबाहेर. "टाकी रिकामीच आहे, काय होतंय" असं कुणी म्हणालं तर त्याला आधी लांब उभं करा. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात सगळी वाफ भरलेली असते आणि पेट घेते ती वाफ.